सातवी गाठ

एका माणसाने सात गोष्टी सांगितल्या आणि मी त्यातल्या सहाच पुढे सांगितल्या. सातवी गाळली. विसरलो असतो तर आज हे लिहायची वेळ आली नसती. मी ती गाळली, आणि गाळताना मला पुरतं ठाऊक होतं. त्यापायी एका भल्या माणसाचं मनगट मोडलं आणि दुसऱ्या भल्या माणसाचं नाव गेलं. नाव गेलं तो माणूस म्हणजे इब्राहिम होडेकर. आम्ही सगळे त्यांना होडेकरचाचा म्हणायचो. आता माझी पन्नाशी उलटली आहे. चाचांविषयी लिहायचं तर आधी हे लिहायला हवं, नाहीतर पुढचं सगळं कौतुक खोटं वाटेल.

साठच्या दशकातलं दुबई. तेव्हा तिथे आपल्याकडचा रुपया चालायचा, फक्त नोटांचा रंग वेगळा असायचा. खाडीवर पूल नुकताच झाला होता, पण माणसं अजून सवयीने होडीतूनच पलीकडे जात. मी खेडजवळच्या एका गावातून आलेला, एका व्यापाऱ्याच्या पेढीवर इंग्रजी पत्रं लिहिणारा कारकून. देरा भागात बू राशिद नावाच्या अरबाचं मोठं अंगण असलेलं घर होतं. अंगणाच्या कडेने भाड्याच्या खोल्या होत्या. एका खोलीत मी राहायचो आणि माझ्या समोरच्या खोलीत होडेकरचाचा.

चाचा रत्नागिरीकडचे. बाप होड्या बांधायचा. चाचा होड्यांवरून लाँचच्या इंजिनांकडे वळले आणि लाँचबरोबरच इकडे आले. ठेंगणे, रुंद, पांढरी खुरटी दाढी. कमरेला लुंगी, खांद्यावर एक चौकड्याचा पंचा. त्या पंच्याचं एक टोक हात पुसायला आणि दुसरं तोंड पुसायला. या टोकांची अदलाबदल झालेली मी कधी पाहिली नाही. लिहिता-वाचता येत नव्हतं. हिंदी येत होती, कामापुरती अरबी येत होती, पण मनातलं बोलायचं झालं की ते आपल्या कोकणी बोलीत शिरायचे. ती बोली मला समजायची. जशीच्या तशी लिहिता येईल असं मात्र वाटत नाही.

त्यांचा स्वभाव एका शब्दात सांगायचा तर चौकस. कुठलीही वस्तू हातात आली की पहिला प्रश्न, "ह्यो असा का केला असंल?" कोणी केला, केवढ्याला केला हे त्यांना नको असायचं. असा का केला? माझ्या ऑफिसच्या स्टेपलरपाशी ते एकदा अर्धा तास बसले होते. चहाच्या किटलीच्या झाकणाला भोक का असतं हे त्यांनी मला विचारलं, मला सांगता आलं नाही, तेव्हा म्हणाले, "कारकूनसाहेब, इतका शिकलास आणि झाकणाला इचारला नाय कधी?"

गाडीही त्यांनी या चौकसपणापायीच घेतली. पुलाच्या पलीकडे एका बंद पडलेल्या गोदामामागे एक जुनी इंग्रजी चार दारांची गाडी पडली होती. काचा दोनच शिल्लक. मागच्या सीटवर कोंबड्यांनी घर केलं होतं. खाऱ्या हवेने पत्रा असा खाल्ला होता की बोट लावलं तर पापुद्रे निघायचे. चाचा एका शुक्रवारी मला सोबत घेऊन गेले. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, मग होडीची फळी वाजवून बघतात तसं बोटांच्या पेरांनी सगळीकडे टकटक केलं. बॉनेटला कान लावला. मग आत डोकं घालून वास घेतला.

"आजारी हाय," ते म्हणाले. "मेली नाय."

"चाचा, तुम्हाला गाडी चालवता येते?"

"नाय."

"मग?"

"लाँचचा इंजिन सरळ मनाचा. एकदा चालू केला की मुंबैपर्यंत एकाच चालीनं जातो. हिला दर दहा हातांवर मन बदलायला लागता. थांब, जा, थांब, जा. हा येडेपणा ती कशी करता, ता मना बघायचा हाय."

तीनशे रुपयांना त्यांनी ती घेतली. बू राशिदच्या ट्रकला बांधून गाडी अंगणात आली, कोंबड्यांसकट. बू राशिदने कपाळाला हात लावला. "या हबीबी होडेकर, ये गाडी है या मुर्गीखाना?"

"अभी मुर्गीखाना," चाचा म्हणाले. "इन्शाल्ला, गाडी होगा."

कोंबड्या बू राशिदच्या बायकोने ठेवून घेतल्या.

गाडी सुटी करायला चाचांना चार महिने लागले. शुक्रवार आणि रोजची संध्याकाळ. अंगणात त्यांनी लाँचचं एक जुनं शीड अंथरलं आणि निघेल तो प्रत्येक तुकडा निघेल त्या क्रमाने त्यावर मांडत गेले. पहिला तुकडा दरवाज्याकडे, शेवटचा विहिरीकडे. मी एकदा सगळे बोल्ट एका डब्यात भरून देऊ का असं विचारलं. त्यांनी माझा हात धरला. "आरं, ह्यांचा शेजार मोडू नको. कोण कोणाच्या बाजूला होता, ह्येच तर मना ठावकी हाय."

त्या शिडावर एक तुकडा असा होता की ज्याचा शेजारच सापडेना. पितळेची लहान चकती, मध्ये बारीक भोकं. इंजिनाच्या खाली, तेलाच्या चिखलात निघाली. चाचा ती चकती तीन महिने लुंगीच्या गाठीत घेऊन फिरले. ट्रकच्या ड्रायव्हरांना दाखवली, पलीकडच्या इराणी गॅरेजवाल्याला दाखवली, माझ्या पेढीच्या साहेबालाही माझ्या हस्ते दाखवली. साहेब म्हणाला, बहुधा कार्ब्युरेटरचा भाग असेल. चाचांनी कार्ब्युरेटर तिसऱ्यांदा उघडला. शेवटी आमच्या खोल्यांमधला झाडू मारणारा बलुची म्हातारा एके सकाळी चहा करता करता म्हणाला, "ये तो मेरे स्टोव्ह का है. ऐसा ही है." आणि खरंच, ती रॉकेलच्या स्टोव्हची बर्नरची टोपी होती. चाचा दोन दिवस हसत होते. तिसऱ्या दिवशी ते माझ्या दारात आले आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "पण सुधाकर, स्टोव्हचा तुकडा गाडीच्या पोटात कशाला गेला असंल?"

गाडीचा तळ पूर्ण गेला होता. चाचांनी तो मोडक्या लाँचच्या सागवानी फळ्यांनी केला आणि फळ्यांच्या फटींत होडीला भरतात तसा तेलात भिजवलेला कापूस हातोडीने ठोकून भरला. पत्र्याला गंज लागू नये म्हणून आतून सगळीकडे मुशी माशाच्या लिव्हरचं तेल फासलं, होड्यांना फासतात तेच. गंज थांबला. पण देऱ्यातली सगळी मांजरं अंगणात येऊन बसू लागली. ज्या दिवशी गाडी पहिल्यांदा चालू झाली आणि बू राशिदचा ड्रायव्हर ती अंगणाबाहेर घेऊन गेला, त्या दिवशी तिच्यामागे सात-आठ मांजरांची मिरवणूक होती. चाचा दारात उभे राहून बघत होते. टाळ्या मी वाजवल्या. त्यांनी वाजवल्या नाहीत. कान लावून ते इंजिनाचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकत राहिले आणि म्हणाले, "समजली. आता दुसऱ्याला लागंल."

गाडी त्यांना ठेवायची नव्हतीच. ती कशी चालते हे कळलं, त्यांचं काम झालं.

आता गाठींविषयी सांगायला हवं, कारण माझा गुन्हा तिथेच आहे.

चाचांकडच्या होडीवाल्यांत एक रीत होती. जुनी होडी विकायची तर तिच्या खोडी घेणाऱ्यासमोर, दोन माणसांच्या साक्षीने मोठ्याने सांगायच्या. कुठे पाणी झिरपतं, कुठली फळी बदललेली आहे, वारा कुठून आला की ती कशी वागते. विकणाऱ्याने लाकडावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "लाकूड ऐकता, माणसा ऐकतात. जी खोड मना ठावकी, ती सांगतो." प्रत्येक खोडीला सुतळीला एक गाठ मारायची आणि शेवटी ती सुतळी घेणाऱ्याच्या हातात द्यायची. पुढे कधी खोड दुरुस्त झाली तर ती गाठ सोडवायची. दोन नियम होते. खोड आपल्या मायबोलीत सांगायची, कारण परक्या बोलीत खोटं सोपं जातं. आणि ज्याची खोड त्यानेच सांगायची; दुसऱ्याची खोड आपण बोलायची नाही.

दुबईच्या खाडीवर कोकणातल्या लाँचवाल्यांचे असे सौदे व्हायचे आणि गाठी मारायला होडेकरचाचांना बोलवायचे. मी एकदा पाहिलं आहे. विकणारा पाच खोडी सांगून थांबला. चाचांनी पाच गाठी मारल्या, पण सुतळी दिली नाही. तसेच बसून राहिले, सुतळी अंगठ्यावर धरून.  विकणारा इकडेतिकडे बघत राहिला, घाम पुसला, मग म्हणाला, "आणि… मागच्या बाजूला एक फळी सडत आलेली हाय." चाचांनी सहावी गाठ मारली. त्या माणसाने सुटकेचा श्वास सोडला, आणि गंमत म्हणजे घेणाऱ्यानेही. सौदा झाला. खाडीवर होडेकरांच्या सुतळीला हुंडीइतका मान होता.

गाडी विकताना चाचांनी हीच रीत पाळायचं ठरवलं.

गिऱ्हाईक मी आणलं होतं. मॅथ्यू, केरळचा तरुण कंपाउंडर, नुकताच आलेला. इंग्रजी उत्तम, हिंदी अजिबात नाही. त्याला दवाखान्याच्या कामासाठी शारजाला जावं-यावं लागायचं. त्याच्याकडे मी गाडीचं भरपूर कौतुक केलं होतं. आमच्या अंगणात एक अवलिया कारागीर आहे वगैरे. खरं सांगायचं तर त्या कौतुकात थोडा वाटा मी माझ्यासाठी राखून ठेवला होता.

शुक्रवारची दुपार. बू राशिद आणि बलुची म्हातारा साक्षीला. दोघांनाही कोकणी येत नव्हती आणि इंग्रजीही. चाचा कोकणीत सांगणार, मी मॅथ्यूला इंग्रजीत सांगणार. चाचांनी बॉनेटवर हात ठेवला आणि "लाकूड ऐकता" म्हणाले. हाताखाली लाकूड नव्हतं, पत्राच होता, पण त्यांनी शब्द बदलले नाहीत.

पहिली खोड: तळ लाकडाचा आहे, तेल लावत राहा. दुसरी: मागचं डावं दार आतून उघडत नाही. तिसरी: चढावर तापते. मी भराभर इंग्रजीत सांगत होतो. चाचा एक एक गाठ मारत होते, मान खाली, अगदी नमाजाला बसल्यासारखे. चौथ्या खोडीला मॅथ्यू हसायला लागला. सहावी होती की मांजरं मागे लागतील. त्यावर तो मला इंग्रजीत म्हणाला, "अहो, हे विकतायत की शाप देतायत?"

मी हसलो. त्याच्याबरोबर हसलो. आणि हसता हसता मला ते सगळं दुसऱ्याच नजरेने दिसलं. लुंगीतला म्हातारा, हातात सुतळी, पत्र्याला लाकूड म्हणणारा. समोर इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला शिकलेला तरुण, आणि मधे मी.

चाचांनी सातवी खोड सांगितली. ती स्टीअरिंगची होती, चाचा त्याला सुकाणू म्हणत, आणि ती सगळ्यात लांब होती. "सुकाणू मधे घासलेला हाय, टोकाला नाय. मधला सैलपणा काढलाय म्हणून टोकाला आखडता. डावीकडं एकदम जोरात फिरवू नको. अडकला तर ओढू नको. हात सोड, सुटंल."

मॅथ्यूने घड्याळाकडे पाहिलं. मी म्हणालो, "ते म्हणतायत, जपून चालवा."

चाचांनी सातवी गाठ मारली आणि सुतळी मॅथ्यूच्या हातात दिली. बू राशिद म्हणाला, "खलास? यल्ला, चाय."

त्यानंतर सहा आठवडे. शारजाच्या वाटेला तेव्हा डांबर नव्हतं. एका बाजूला वाळू, दुसऱ्या बाजूला मिठाची दलदल, वरून सुकलेली आणि आतून चिखल. मॅथ्यूसमोर अचानक एक गाढव आलं. त्याने डावीकडे जोरात वळवलं. सुकाणू आखडलं. त्याने सगळा जोर लावून ओढलं, मग ते एकदम सुटलं आणि गाडी दलदलीत कलंडली. त्याचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. औषधाच्या बाटल्या भरणाऱ्या माणसाचं उजवं मनगट.

चार दिवसांनी तो अंगणात आला. हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हातात ती सुतळी. बरोबर दवाखान्यातला हिंदी येणारा एक माणूस. खोल्यांमधली माणसं जमली, बू राशिद आला. मीही होतो, माझ्या दारात.

मॅथ्यू इंग्रजीत रागाने भराभर बोलला. त्याच्याबरोबरचा माणूस हिंदीत म्हणाला, "साहब पूछ रहे हैं, स्टीअरिंग का क्यों नहीं बताया?"

चाचांनी सुतळी मागून घेतली. "इसको बोलो, मैं एक-एक गाठ पकडता. क्या सुना वो बोले."

त्यांनी पहिली गाठ चिमटीत धरली. मॅथ्यू म्हणाला, लाकडाचा तळ. दुसरी. दार. तिसरी, तापते. अशा सहा झाल्या. चाचांची चिमटी सातव्या गाठीवर आली. मॅथ्यू म्हणाला, "जपून चालवा, इतकंच."

चाचांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं.

त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. ती तीच नजर होती जिने ते पितळेच्या चकतीकडे बघायचे. असा का केला असंल? चिमटी गाठीवरच होती. ते थांबले होते. लाँचवाल्यासाठी थांबले होते तसेच, तितकाच वेळ. मला कळलं की ते माझ्यासाठी थांबले आहेत. दुसऱ्याची खोड ते बोलणार नव्हते.

मी पायांकडे बघत राहिलो.

"मेरा गलती," चाचा शेवटी म्हणाले. "मैं बोला नहीं होगा."

त्यांनी मॅथ्यूला गाडीची सगळी रक्कम परत केली आणि सुतळी स्वतःकडे ठेवली. बातमी खाडीवर जायला एक दिवस पुरला. होडेकरने खोड लपवली. होडेकरने! त्यानंतर गाठी मारायला त्यांना कोणी बोलावलं नाही. इंजिनाची कामं मिळायची, ती कमी झाली नाहीत. पण सौदा असला की लाँचवाले दुसरीकडून निघून जायचे. चाचा शुक्रवारी धक्क्यावर जायचे बंद झाले. मी रोज रात्री ठरवायचो की उद्या सांगायचं, आणि सकाळी पेढीवर जाऊन इंग्रजी पत्रं लिहायचो.

माझ्याशी ते पूर्वीसारखेच वागत. मासे आणले की एक तुकडा माझ्याकडे यायचा. पण एक गोष्ट बदलली, तीही मला उशिरा कळली. ते मला कधीच मधे घालेनासे झाले. एक दिवस ते दवाखान्यापाशी मॅथ्यूच्या समोर उकिडवे बसलेले दिसले. मॅथ्यूचा राग तोवर निवला होता. चाचा त्याच्याकडून इंग्रजी शिकत होते! साठीला टेकलेला माणूस बोटाने हवेत चाक फिरवून म्हणत होता, "लेफ्ट. नो फोर्स. लीव्ह. ओके?" आणि मॅथ्यू मान हलवत म्हणत होता, "ओके, चाचा. नाऊ आय नो."

मोडकी गाडी परत अंगणात आली होती. चाचांनी सुकाणूच्या पेटीतला झिजलेला भाग कानशीने घासून नवा बनवला. सात महिने लागले. मग ड्रायव्हरला बसवून अंगणात गोल गोल फिरवायला लावलं. डावीकडे, टोकापर्यंत, जोरात. सुकाणू लोण्यासारखं फिरलं. खोड गेली होती. रीतीप्रमाणे आता गाठ सोडवायची. मी माझ्या दारातून बघत होतो. चाचांनी सुतळी काढली, दाराची गाठ सोडवली, कारण तेही दुरुस्त झालं होतं. सातवी चिमटीत धरली, क्षणभर थांबले आणि तशीच ठेवून सुतळी खिळ्याला अडकवली.

गाडीची खोड संपली होती. ती गाठ आता गाडीची नव्हती.

ते पाहून तरी मी बोलायला हवं होतं. तरीही आणखी वर्ष गेलं. मी एवढा भित्रा माणूस होतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

मग एके दिवशी कळलं की चाचा कायमचे गावी चाललेत. गुडघे गेले होते. रत्नागिरीला जाणाऱ्या लाँचवर जागा मिळाली होती, शुक्रवारी सकाळी निघणार. गुरुवारी संध्याकाळी मी दवाखान्यात गेलो आणि मॅथ्यूला म्हणालो, "उद्या धक्क्यावर ये. चाचा जातायत." मग बू राशिदकडे गेलो. त्यालाही यायला सांगितलं. मला साक्षीला दोन माणसं हवी होती.

सकाळी धक्क्यावर गर्दी होती. खजुराच्या गोण्या, टिनाच्या ट्रंका, कोकणातले पंधरा-वीस लाँचवाले. चाचा मागच्या बाजूला आपल्या पेटीवर बसले होते. पेटीच्या कडीला ती सुतळी बांधलेली. मी फळीवरून चढलो आणि लाँचच्या कठड्यावर हात ठेवला. लाकूड ओलं होतं.  माझा आवाज फार मोठा निघाला.

"लाकूड ऐकता, माणसा ऐकतात," मी म्हणालो. "जी खोड मला ठावकी आहे, ती सांगतो."

लाँचवाले वळले. रीतीचे शब्द होते. ते ऐकले की त्या लोकांचे हात आपोआप थांबतात.

"होडेकरचाचांनी सात खोडी सांगितल्या होत्या. सुकाणूची सांगितली होती. नीट सांगितली होती. मी ती मॅथ्यूला सांगितली नाही. चाचांनी काही लपवलं नाही. मी लपवलं."

 बू राशिदसाठी मी तेच हिंदीत सांगितलं. त्याने तोंडातल्या तोंडात अल्लाला आळवत "ला हौला" म्हटलं. एक म्हातारा लाँचवाला पुढे आला, त्याने माझ्याकडे बघितलं नाही, चाचांच्या पायाशी जाऊन बसला.

चाचांनी सुतळी कडीतून सोडवली आणि सातवी गाठ चिमटीत धरली. माझ्याकडे बघितलं. तीच नजर.

"का पण, सुधाकर?" त्यांनी विचारलं. "दोन वरसा मी इचार करतोय. पैसा तुना मिळणार नव्हता. वैर नव्हता. इंग्रजी तुना येतो. मग असा का केलास?"

त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. चकतीबद्दल जितकं हवं होतं, तितकंच. त्यामुळे अर्धं उत्तर देता येईना.

"लाज वाटली, चाचा," मी म्हणालो. "तो हसला. तुमच्या सुतळीला, तुमच्या रीतीला. मीही हसलो. मला तुमची लाज वाटली. मला माफ करा."

 चाचांनी पंच्याचं एक टोक उचललं, मग ते ठेवून दुसऱ्या टोकाने तोंड पुसलं.

"हां," ते म्हणाले. "म्हणजे शेजार मोडला." मग हनुवटीने धक्क्यावर उभ्या असलेल्या मॅथ्यूकडे दाखवलं. "त्याला सांग. त्याच्या बोलीत. आणि सगळा सांग हां. मना आता थोडा थोडा समजता."

मी खाली उतरलो आणि मॅथ्यूला इंग्रजीत सांगितलं. खोड सांगितली, ती मी गाळली ते सांगितलं, का गाळली तेही सांगितलं. त्याचं उजवं मनगट अजून पूर्ण वळत नव्हतं. ते तो डाव्या हाताने दाबत ऐकत होता. माझं बोलून झालं असं मला वाटलं. मागे वळून पाहिलं तर लाँचचं इंजिन सुरू झालेलं होतं, दोर सुटत होते, आणि चाचा तशीच गाठ धरून माझ्याकडे बघत होते. थांबले होते. तेव्हा लक्षात आलं की एक गोष्ट राहिली आहे.

मी मॅथ्यूकडे वळलो आणि त्याचीही माफी मागितली.

मग पुन्हा पाहिलं तेव्हा लाँच धक्क्यापासून सुटली होती. चाचांची मान खाली गेली होती आणि दोन्ही अंगठ्यांची नखं गाठीत होती. गाठ जुनी होती, मुशीच्या तेलाने घट्ट बसलेली. लाँच खाडीच्या वळणापर्यंत गेली तरी ते तसेच ओणवे होते. एकदा तर त्यांनी दात लावलेलेही मला दिसले. सुटली की नाही, मला कळलं नाही.